पुडी फाडण्याआधी लिटर मोजा

आमच्या नांदुऱ्याचा मे महिना कसा असतो, हे ज्यानं हायवेवरच्या १०५ फुटी हनुमानाजवळ भर दुपारी एस.टी.ची वाट पाहिलीय त्यालाच कळेल. अशाच एका मे महिन्यात धाकट्या भावाला जुलाब लागले. घरात भावी इंजिनिअर मीच, म्हणून ओ.आर.एस.ची मोठी पुडी माझ्या हातात आली. मी ती अख्खी एका ग्लासात ढवळली. म्हटलं, स्ट्राँग डोस! "दादा, लय खारट लागते," तो म्हणाला. मी दटावून पाजलं. जुलाब वाढले. संध्याकाळी डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, "पाणी किती घेतलं होतं?" मी गप्प.

होस्टेलवर आल्यावर कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. पुडीत मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५, सायट्रेट २.९, ग्लुकोज १३.५. एक लिटर पाण्यात सोडियम ७५, क्लोराइड ६५, पोटॅशियम २०, सायट्रेट १०, ग्लुकोज ७५. बेरीज २४५ मिलिऑस्मोल. रक्ताचा आकडा साधारण २९०. म्हणजे पाणी आतड्यातून शरीरात जाणार. तीच पुडी २०० मिलिलिटरमध्ये टाकली की आकडा १२२५, रक्ताच्या चौपट! आता पाणी उलटं शरीरातून आतड्यात येणार. जागतिक आरोग्य संघटनेनं २००२ मध्ये जुना ३११ चा फॉर्म्युलासुद्धा जास्त ठरवून २४५ वर आणला, आणि मी भावाला १२२५ पाजलं होतं.

नुसतं पाणीही पुरत नाही बरं का, क्रिकेटवीरांनो! ६० किलोच्या माणसात पाणी ३६ लिटर; पेशींच्या आत २४, बाहेर १२. समजा घामातून ३ लिटर पाणी आणि ३०० मिलिऑस्मोल क्षार गेले, आणि वर ३ लिटर साधं पाणी प्यायलात. (किडनीला क्षणभर सुट्टी देऊ.) पाणी पुन्हा ३६ लिटर, पण आकडा २९० वरून २८२ वर. बाहेरचं पाणी ११.३ लिटर उरलं, ०.७ लिटर पेशींत शिरून त्या फुगल्या. हिशोब जुळला, माणूस नाही जुळला.

आपण मास बॅलन्स शिकतो तो कुठल्यातरी काल्पनिक टाकीवर. माझं स्पष्ट मत आहे, पहिलं गणित हे असावं. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच साध्या द्रावणावर कॉलऱ्याचे हजारो रुग्ण वाचवले.

आपल्या होस्टेलच्या प्रथमोपचार पेटीत पुड्या आहेत, लिटरचं माप नाही. रेक्टर सरांना विनंती, खूण केलेली एक बाटली तिथे साखळीनं बांधून ठेवा. साखळी यासाठी, की बादल्यांचं काय होतं ते सर्वांना माहीत आहे.