शब्द कोणाचा, बांधिलकी कोणाची?

कोणत्याही शाखेच्या मासिक सभेचे इतिवृत्त उघडून पाहावे. पानापानावर तीच वाक्ये आढळतील : "प्रयत्न करण्यात यावा", "पाठपुरावा व्हावा", "लक्ष घालण्यात येईल". कोणी करायचे आणि कोणत्या तारखेपर्यंत, याचा उल्लेख सहसा नसतो. पुढच्या महिन्यात तोच विषय, तेच शब्द. सभासद म्हणतो, "युनियनने काहीतरी केले पाहिजे," जणू युनियन म्हणजे कोणी तिऱ्हाईत. पदाधिकारी म्हणतो, "बघू". या "बघू"मध्ये होकार नाही आणि नकारही नाही, त्यामुळे तो म्हणणाऱ्याला जाब विचारण्याची सोयच राहत नाही.

हीच माणसे ड्यूटीवर असताना मात्र असे बोलत नाहीत. जेथे प्रायव्हेट नंबरची पद्धत आहे तेथे गेटमन स्टेशन मास्तरला "गेट बंद करायचा प्रयत्न करतो" असे सांगत नाही. गेट बंद करतो, मग नंबर देतो आणि तो नंबर वेळेसह नोंदला जातो. लोको पायलट आणि त्याचा सहायक सिग्नलचा रंग मोठ्याने उच्चारून एकमेकांची खात्री करून घेतात. तेथे "हिरवा असावा" चालत नाही. पोस्टमन परत आणलेल्या टपालावर "सापडले नाहीत बहुतेक" असे मोघम लिहीत नाही. दार बंद, पत्ता अपूर्ण, घेण्यास नकार, यांपैकी नेमका शेरा, तारीख आणि सही, असा त्याचा हिशेब असतो. नेमका शब्द आणि त्यामागे उभा असलेला माणूस यांवर रेल्वे धावते व डाक पोहोचते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. प्रश्न आहे तो हीच शिस्त आपण आपल्या हक्कांच्या कामात का आणत नाही, हा.

त्यासाठी थोडे दूर, बेंगळुरूच्या सर्जापूर रोडकडे पाहू. आपल्यापैकी अनेकांना हे नाव परके नाही. सोलापूर, पुणे, मिरज, नागपूर येथील रेल्वे क्वार्टर्समध्ये आणि टपाल वसाहतींत वाढलेली, बापाच्या फंडातून कर्ज काढून इंजिनियर झालेली किती तरी मुले-मुली आज त्या परिसरात नोकरी करतात. दिवाळीला उद्यान एक्सप्रेसने सोलापुरात किंवा पुण्यात उतरणाऱ्यांत ती असतात. याच रस्त्यावर दोड्डकन्नेल्ली येथे विप्रोचे मुख्यालय आहे. बेलंदूरच्या बाजूला कार्यालयांची रांग आहे. जवळच कारमेलाराम हे होसूर मार्गावरील रेल्वे स्थानक आहे. आणि त्या सर्व कार्यालयांच्या व इमारतींच्या फाटकांवर पाठीला पेटी लावून दुचाकीवर आलेला तरुण उभा असतो. एका रस्त्यावरच्या या दोन प्रकारच्या कामगारांना दोन शब्दांनी बांधले आहे. ते शब्द तपासण्यासारखे आहेत.

पहिला शब्द "कमिटमेंट". संगणक क्षेत्रात "स्क्रम" नावाची कामाची पद्धत जगभर चालते. काम एक महिन्यापर्यंतच्या छोट्या टप्प्यांत वाटायचे आणि टप्प्याच्या आरंभी चमूने किती काम उरकेल ते सांगायचे, अशी ती रीत. या सांगण्याला "कमिटमेंट", म्हणजे वचन म्हणत. आता, प्रोग्रामचे काम विटा मोजण्यासारखे नसते. आत काय अडचण निघेल हे आधी कळत नाही. पण एकदा "वचन दिले" असे म्हटले की अडचण निघाली तरी बोलायची सोय उरत नाही. मग रात्री जागायच्या, रविवार घालवायचा, तपासणी आखडती घ्यायची, पण आकडा पुरा करायचा. या पद्धतीचे जनक केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी २०११ साली आपल्या मार्गदर्शिकेत हा शब्द बदलला. टप्प्यात किती काम होईल त्यासाठी त्यांनी "फोरकास्ट", म्हणजे अंदाज, हा शब्द घातला. पुढे २०२० च्या आवृत्तीत "कमिटमेंट" परत आला, पण तो कामाच्या ढिगाला न जोडता चमूने मिळून ठरवलेल्या उद्दिष्टाला जोडून. थोडक्यात, वचन उद्दिष्टाचे द्यायचे, आकड्याचा अंदाज सांगायचा.

हा फरक आपल्या मुलांना समजावून सांगण्यासारखा आहे. ज्याच्या हाती साधन, मनुष्यबळ आणि वेळ नाही त्याच्याकडून वचन वदवून घेणे म्हणजे बांधिलकी नव्हे; ती वेठ आहे. व्यवस्थापकाने तयार केलेला आकडा आपल्या तोंडून वदवला म्हणून तो आपला होत नाही. कर्नाटकात संगणक क्षेत्रातील कर्मचाऱ्यांची "किटू" ही संघटना २०१७ साली नोंदली गेली. कामाच्या तासांचा प्रश्न तिला सतत हाती घ्यावा लागतो आहे, तो काही उगाच नाही.

दुसरा शब्द "पार्टनर", म्हणजे भागीदार. पाठीला पेटी लावलेल्या तरुणाला त्याची कंपनी कामगार म्हणत नाही, भागीदार म्हणते. भागीदाराला नफ्यात वाटा असतो आणि वह्या पाहण्याचा हक्क असतो. येथे दुचाकी त्याची, पेट्रोल त्याचे, मोबाइल त्याचा, पावसात घसरला तर हाडेही त्याचीच. दर मात्र कंपनी ठरवते आणि खाते बंद करण्याचे बटणही कंपनीकडेच. शब्दाने मान दिला आणि त्याच शब्दाने रजा, विमा, भरपाई, नोटीस हे सारे काढून घेतले. शिवाय ज्याला रोज "तू स्वतःचा मालक" असे ऐकवले जाते तो संघटनेत यायला कचरतो. मालकाला युनियन कशाला?

अशा कामगारांची संख्या थोडी नाही. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०२०-२१ साठी ७७ लाखांचा अंदाज आहे आणि २०२९-३० पर्यंत तो २ कोटी ३५ लाखांवर जाईल असे म्हटले आहे. राजस्थानने २०२३ साली त्यांच्यासाठी कायदा केला. कर्नाटकाने २०२५ साली केला. कर्नाटकाच्या कायद्यात कल्याण मंडळ आहे, कामगाराला मिळणाऱ्या प्रत्येक मोबदल्यावर कंपनीकडून १ ते ५ टक्के कल्याण शुल्क घेण्याची तरतूद आहे, आणि कामावरून काढण्यापूर्वी लेखी कारण व १४ दिवसांची नोटीस देण्याचे बंधन आहे. या कायद्याच्या नावातच "कामगार" हा शब्द आहे. लढ्याने मिळवलेली ही पहिली पायरी होय. पण केंद्राच्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची व्याख्या पारंपरिक मालक-नोकर संबंधाबाहेर कमावणारा अशी आहे. म्हणजे कामगार म्हटले, पण मालकाचे नाव घेतले नाही. पुढची लढाई त्या न लिहिलेल्या शब्दासाठी आहे.

टपाल खात्यातील बंधूंना यात नवे काही वाटणार नाही. खेड्यातले पोस्ट सांभाळणाऱ्याला खात्याने कित्येक वर्षे "एक्स्ट्रा डिपार्टमेंटल", म्हणजे खात्याबाहेरचा म्हटले. शिक्का खात्याचा, थैली खात्याची, जबाबदारी खात्याची, आणि माणूस तेवढा बाहेरचा! १९७७ साली राजम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पदे नागरी पदे असल्याचा निर्वाळा दिला. पुढे "ग्रामीण डाक सेवक" हे नाव आले. २००१ च्या नियमांच्या शीर्षकात "एम्प्लॉयमेंट" हा शब्द होता. २०११ च्या नियमांत त्याच्या जागी "एंगेजमेंट" आला. जे मिळते त्यालाही वेतन म्हणत नाहीत, "टाइम रिलेटेड कंटिन्युइटी अलाउन्स" म्हणतात. सर्जापूर रोडवरचा "भागीदार" आणि आपल्या गावचा "सेवक" हे एकाच युक्तीचे दोन नमुने आहेत.

येथे कोणी म्हणेल, शब्द बदलून पोट भरते काय? रास्त प्रश्न आहे. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात हमालांना "कुली" ऐवजी "सहायक" म्हणण्याची घोषणा झाली. अपमानकारक शब्द गेला हे चांगलेच झाले. पण नाव बदलले म्हणून डोक्यावरचे ओझे हलके झाले नाही आणि महिन्याचा पगारही सुरू झाला नाही. वरून मिळालेला शब्द, मग तो अपमानाचा असो की गौरवाचा, आपोआप काही देत नाही. ताकद येते ती आपण निवडलेल्या आणि आपण निभावलेल्या शब्दाने.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी हे शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी ओळखले होते. १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी जे निवेदन केले त्यात "आमची स्थिती सुधारावी" अशी मोघम याचना नव्हती. दर रविवारी सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागील महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, अशा मागण्या होत्या. प्रत्येक मागणीला वार, वेळ किंवा तारीख होती. मिळाली की नाही, हे अक्षरओळख नसलेल्या कामगारालाही सांगता येत होते. रविवारची सुटी १८९० साली मिळाली. सहा वर्षे मागणी जिवंत राहिली, याचे श्रेय लोखंडे यांच्या चिकाटीला आहे, तसेच मागणीच्या नेमकेपणालाही आहे.

आजचे मानसशास्त्रही हेच सांगते. पीटर गोलविट्झर आणि वेरोनिका ब्रांडश्टेटर या संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुटीत एक अहवाल लिहून पाठवायचा होता. काहींना तो कधी आणि कुठे बसून लिहिणार हे आधी ठरवून लिहायला लावले. इतरांना तसे सांगितले नाही. पहिल्या गटातील सुमारे तीन चतुर्थांश विद्यार्थ्यांनी मुदतीत अहवाल लिहिला, दुसऱ्या गटातील फक्त सुमारे एक तृतीयांशांनी. इच्छा दोघांचीही होती. "करायचे आहे" आणि "मंगळवारी संध्याकाळी, टेबलाशी बसून करतो" एवढाच फरक होता.

तेव्हा शाखांपुढे आमची सूचना साधी आहे. इतिवृत्तात यापुढे "करण्यात यावे" लिहू नका. काम, करणाऱ्याचे नाव आणि तारीख, अशा तीन गोष्टी लिहा. ते नाव सभेने लादू नये. ज्याने हात वर केला त्याचेच लिहावे, आणि पेलेल तेवढेच त्याने घ्यावे. तारीख चुकली तर पुढच्या सभेत दोष देण्याआधी अडचण काय आली ते विचारावे व मदतीला दुसरे नाव जोडावे. "युनियनने करावे" असे कोणी म्हणाले तर त्याला एवढेच विचारावे, "आपण त्यातले काय करू?" आणि साहेबाने पुढे केलेल्या कागदावर कमिटमेंट, पार्टनर, सेवक, मानधन असा गोड शब्द दिसला, तर सहीपूर्वी पाहावे की या शब्दाने काय मिळते आणि काय जाते.

सर्जापूर रोडवरच्या आपल्या मुलालाही या सुटीत हे सांगा. दारावर जेवण घेऊन आलेल्या त्या तरुणाला काय म्हणावे, हे मग तो आपणच ठरवील. तोही कामगार आणि हाही कामगार. दोघांच्या मालकांनी हा शब्द टाळला आहे, आपण टाळण्याचे कारण नाही.