कोर्टाला सल्ला कोण देतं?

न्यायालयात स्त्री न्यायाधीशांची संख्या वाढली पाहिजे, ही मागणी आपल्या चळवळीने अनेकदा केली आहे, आणि ती योग्यच आहे. पण न्यायाधीशाच्या खुर्चीकडे पाहताना त्या खुर्चीसमोर उभे राहून कायदा समजावून सांगणाऱ्या माणसाकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. न्यायाधीश बाईच्या घरी चौकशीला जात नाहीत. समोर जे मांडले जाते त्यातूनच त्यांना निवड करायची असते. म्हणून काय मांडायचे आणि काय गाळायचे हे ठरवणाऱ्याच्या हातात बाईचा अर्धा निकाल असतो.

देशपातळीवर हे काम ॲटर्नी जनरल करतात, राज्यात महाधिवक्ता करतात आणि जिल्ह्यात सरकारी वकील. कागदोपत्री हे सरकारचे वकील किंवा सल्लागार, पण कोर्ट त्यांच्या शब्दाला वेगळे वजन देते. शिवाय प्रश्न गुंतागुंतीचा असेल तर कोर्ट स्वतः एखाद्या ज्येष्ठ वकिलाला मदतीला बोलावते. तो कोणत्याच पक्षाचा नसतो. त्याला न्यायमित्र म्हणतात. १९५० साली मोतीलाल सेटलवाड पहिले ॲटर्नी जनरल झाले. तेव्हापासून आजपर्यंत त्या पदावर एकही बाई बसलेली नाही. त्याखालच्या ॲडिशनल सॉलिसिटर जनरलच्या पदावर पहिली बाई, इंदिरा जयसिंग, पोचल्या त्या २००९ साली.

मी अमरावतीच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत मदतीच्या केसेस घेते. नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत कपड्याच्या कारखान्यांतून काम करणाऱ्या बायका माझ्याकडे येतात. कोणाची पोटगीची केस असते, कोणाची मुकादमाविरुद्धची तक्रार. त्यांच्यातल्या एकीने मला विचारले, "वकीलताई, जजसाहेबाले हे सारं कोन सांगते?" कायद्याच्या पुस्तकांत या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. आपल्या चळवळीच्या इतिहासात मात्र आहे.

मथुराची केस आपल्या विदर्भातली. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात तिच्यावर बलात्कार झाला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती होती, असा तो हिशेब. ठाण्यात दोन पोलिसांपुढे एका गरीब आदिवासी मुलीचे तोंड का उघडत नाही, हे कोर्टाच्या मनावर बिंबवणारे तेव्हा कोणी नव्हते. मग १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघा कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. कोर्टाने न विचारता दिलेला तो सल्ला होता. त्यातून देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. सल्ला योग्य होता, पण तो निकालानंतर पोचला. मथुराला त्याचा उपयोग झाला नाही.

याउलट विशाखा. राजस्थानातल्या भंवरीदेवीवरच्या अत्याचारानंतर स्त्री संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. कोर्टाने फली नरिमन यांना न्यायमित्र म्हणून घेतले. खंडपीठावर न्यायमूर्ती सुजाता मनोहर होत्या. संघटनांचा अनुभव, न्यायमित्राचे कायद्याचे ज्ञान आणि खुर्चीवरची एक बाई असे तिन्ही एकत्र आले. १३ ऑगस्ट १९९७ ला कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे मिळाली, त्यातून २०१३ चा कायदा आला. आज नांदगाव पेठच्या कारखान्यातली बाई ज्या अंतर्गत समितीकडे तक्रार करू शकते, तिचा उगम इथे आहे. इथे सल्ला वेळेवर पोचला.

कोणी म्हणेल, खुर्चीवर बाई आली की हे प्रश्न आपोआप सुटतील. तसे होत नाही, हे आपल्याच जिल्ह्याने पाहिले आहे. १९ जानेवारी २०२१ ला नागपूर खंडपीठाने एक निकाल दिला. बारा वर्षांच्या मुलीच्या छातीला कपड्यावरून हात लावला तर कातडीला कातडी लागलेली नाही, म्हणून पोक्सोखालचा लैंगिक हल्ला होत नाही, असे त्यात म्हटले होते. निकाल देणाऱ्या न्यायमूर्ती पुष्पा गनेडीवाला परतवाड्यात जन्मलेल्या. त्या निकालाविरुद्ध ॲटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले. उद्या कोणी रबरी हातमोजे घालून मुलीला हात लावला तर तो सुटणार का, असा त्यांचा साधा सवाल होता. राष्ट्रीय महिला आयोग आणि महाराष्ट्र सरकारही कोर्टात गेले. १८ नोव्हेंबर २०२१ ला तो निकाल रद्द झाला. महत्त्वाचा आहे तो लैंगिक हेतू, कातडीचा स्पर्श नव्हे, असे ठरले. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती बेला त्रिवेदी यांनी लिहिले.

म्हणजे एका बाईने दिलेला निकाल एका पुरुष सल्लागाराच्या पुढाकाराने दुसऱ्या बाईने दुरुस्त केला. यावरून 'बाई असो की पुरुष, काय फरक पडतो' असा अर्थ काढणे सोयीचे आहे, पण चुकीचे आहे. यातून दिसते ते एवढेच, की एकट्यादुकट्या बाईला खुर्ची देऊन व्यवस्था बदलत नाही. पोलीस ठाण्यापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रत्येक पायरीवर बायकांचा अनुभव कायद्याच्या भाषेत मांडणारे कोणीतरी असावे लागते. आणि तो अनुभव ज्यांनी अंगावर घेतला आहे, त्या या कामापासून दूर का?

दूर ठेवण्याची ही रीत जुनी आहे. १८६६ साली नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि ऑक्सफर्डला कायदा शिकणाऱ्या पहिल्या बाई ठरल्या. १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सने पडद्यातल्या जमीनदार विधवांसाठी त्यांना कायद्याच्या सल्लागार नेमले. पण बायकांना वकिली करण्याचा हक्क देणारा कायदा झाला १९२३ साली. जवळजवळ वीस वर्षे त्यांनी सल्ला दिला आणि कोर्टात वकील म्हणून त्यांचे नाव लागू शकले नाही. त्या इंग्रज राजवटीच्या बाजूच्या होत्या, त्यांचे राजकारण आपल्याला पटणारे नाही. तरी त्यांच्या वाट्याला आलेली वागणूक आपल्या ओळखीची आहे. बाईने राबावे, सांगावे, कागद तयार करावेत. मान्यतेची वेळ आली की नियम आडवा येतो.

सल्लागाराची खुर्ची ही पुढच्या खुर्चीची पायरीही असते. आपल्या अमरावतीचे भूषण गवई १९९२ साली नागपूर खंडपीठात सहायक सरकारी वकील होते, २००० साली तिथले सरकारी वकील झाले, २००३ साली न्यायाधीश आणि २०२५ साली सरन्यायाधीश. ही शिडी चढायची तर खालची पायरी मिळाली पाहिजे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ प्रमाणे सरकारी वकील होण्यासाठी सात वर्षांची वकिली लागते, आणि जिल्ह्यात नावांची यादी जिल्हाधिकारी सत्र न्यायाधीशांशी सल्लामसलत करून तयार करतात. ती यादी कधी तयार होते, तिच्यात किती बायका असतात, दलित, आदिवासी, मुस्लिम बायका किती, हे आपण कधी विचारले आहे का? माहितीच्या अधिकारात एक अर्ज पुरे.

मैत्रिणींनो, नुसती मागणी करून थांबण्याची गरज नाही, कारण काही दारे आजही उघडी आहेत. सरकारी वकिलाच्या मदतीला पीडित बाईला स्वतःचा वकील देता येतो. कोर्टाची परवानगी मागावी लागते, एवढेच. पोक्सोच्या केसमध्ये मुलीच्या कुटुंबाला आपल्या पसंतीचा वकील घेण्याचा हक्क आहे, आणि ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाने तो द्यायचा आहे. १९८७ च्या कायद्याने कोणत्याही बाईला मोफत कायदेशीर मदत मिळते. तिथे उत्पन्नाचा दाखला लागत नाही. कारखान्याच्या अंतर्गत समितीत बाहेरची सदस्य स्त्रीप्रश्नावर काम करणाऱ्या संस्थेतली घेता येते. ही जागा मालकाच्या ओळखीच्या माणसाने भरली की समिती कागदावरच राहते.

म्हणून प्रत्येक संघटनेने आपल्या जिल्ह्यातल्या दोन-तीन तरुण वकील मुली हेराव्यात. त्यांना शिबिरांना बोलवावे, आपल्याकडच्या केसेस त्यांच्यापुढे ठेवाव्यात, सात वर्षे टिकून राहायला मदत करावी. पहिल्या वर्षांत हातात पैसा येत नाही, घरून लग्नाचा तगादा असतो, आणि पुष्कळ जणी तिथेच गळतात. त्यांना धरून ठेवणे हेही चळवळीचेच काम आहे. नाहीतर बाईच्या बाजूचा सल्ला निकालानंतर उघड्या पत्रातूनच कोर्टात जात राहील, आणि जिची केस होती तिच्यापर्यंत तो पोचणार नाही.