गेम ओव्हर होण्याआधी...

एक सोपा प्रश्न. तुमच्या घरात गेम्सच्या सीडीज सध्या कुठे आहेत? टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये? माळ्यावर? की त्या काळ्या, चेनवाल्या पाउचमध्ये, ज्यात एकेकाळी आख्खी उन्हाळ्याची सुट्टी मावायची? कुठेतरी आहेत, एवढं नक्की. कारण आपल्याकडे सीडी कुणी फेकत नाही. आणि लावूनही कुणी बघत नाही!

बघायला हवी, बॉस. कारण सीडी मरते. काही गाजावाजा न करता, पाउचमध्ये पडल्या पडल्या मरते.

आपला समज काय, तर खालची चकाकती बाजू जपली की झालं. प्रत्यक्षात सीडीची नाजूक बाजू वरची, चित्राची. खाली सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीचं पारदर्शक पॉलिकार्बोनेट असतं. लेझर त्यातून आरपार जातो आणि वरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या थरावरून परत फिरतो. हा आरसा लेबलच्या अगदी खाली, लॅकरच्या एका पातळ पापुद्र्याच्या भरवशावर बसलेला असतो. त्या पापुद्र्याला चीर गेली, कुणी बॉलपेनने जोर देऊन नाव लिहिलं, की हवा आणि दमटपणा आत शिरतो. अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड होतं आणि आरशाला भोकं पडतात. याचं नाव ‘डिस्क रॉट’. खालचे बारीकसारीक ओरखडे ड्राइव्ह सांभाळून घेतो, कारण सीडीवर चुका दुरुस्त करण्यासाठी जादा माहिती लिहिलेली असते. पण उडालेला आरसा परत कोण आणणार? तिथे टूथपेस्ट घासण्याचा फेमस उपायही फेल! डीव्हीडीत डेटा दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असतो, त्यामुळे लेबलवरच्या ओरखड्याचं तिला तेवढं टेन्शन नाही. मात्र चकत्यांचा जोड सुटला की तीही गेलीच.

आणि घरी राइट केलेल्या सीडीजची तर गोष्टच वेगळी. दुकानातल्या सीडीवर डेटा साच्याने दाबून उमटवलेला असतो. राइट केलेल्या सीडीत तो सेंद्रिय रंगाच्या एका थरात असतो. ऊन लागलं, उकाडा सोसला की हा रंग बिघडतो. त्यात स्वस्तातली, बिननावाची ब्लँक सीडी असेल तर विचारूच नका.

तुम्ही म्हणाल, एवढं टेन्शन कशाला? गेम ऑनलाइन विकत घेऊ की! घ्या ना, मिळाला तर. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०१०पूर्वी तिथे आलेल्या जुन्या गेम्सपैकी ८७ टक्के गेम्स बाजारात विकतच मिळत नाहीत, असं त्यात निघालं. आणि आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर ‘क्रिकेट ०७’ आठवा. २००६च्या अखेरीला आलेला हा ईए स्पोर्ट्सचा शेवटचा क्रिकेट गेम. कंपनीने पुढचा काढलाच नाही, आणि हा कुठल्या ऑनलाइन स्टोअरवरही मिळत नाही. म्हणजे ज्याच्याकडे डिस्क, त्याच्याकडेच गेम!

बरं, जो मिळतो तो तरी तोच असतो का? ‘जीटीए फोर’ २००८चा. गाण्यांची लायसन्स संपली आणि २०१८मध्ये एका अपडेटने त्याच्या रेडिओवरची बरीच गाणी काढून टाकली. जुन्या डिस्कवर ती अजून वाजतात.

तर मुद्दा असा, की कॉपी करायची. प्रश्न फक्त एवढाच की आधी कुठली? आपण साहजिकच लाडक्या, भारी कव्हरवाल्या गेमकडे धावतो. माझं मत नेमकं उलटं आहे. जी सीडी जगात दुसऱ्या कुणाकडेच नाही, ती आधी. म्हणजे मार्करने काहीतरी खरडलेली, घरी राइट केलेली. मग विकत न मिळणारे गेम्स. आणि ऑनलाइन सहज मिळतात ते सगळ्यात शेवटी.

हे मत माझ्या दादाच्या पाउचने बनवलं. तो आता नागपूरला असतो, पाउच माझ्याकडे. ‘क्रिकेट ०७’मध्ये पूर्ण लायसन्स फक्त ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडच्या टीम्सचं होतं. आपल्या खेळाडूंची नावं भलतीच. त्यामुळे रोस्टर फाइल उघडून नावं बदलणं हा तेव्हा राष्ट्रीय छंदच होता. दादाने सचिन-द्रविड तर टाकलेच, पण वर एक आख्खी टीम आमच्या बिल्डिंगच्या बी विंगची बनवली. ओपनिंगला तो स्वतः, विकेटकीपर तळमजल्यावरचे जोशीकाका, बारावा खेळाडू मी. (बॅटिंग मिळत नाही म्हणून मी दोन दिवस जेवले नव्हते, असं आई अजून सांगते.) पीसी फॉरमॅट मारायच्या आधी त्याने ही फाइल एका सीडीवर राइट केली आणि वर मार्करने लिहिलं, ‘बी विंग फायनल’.

ती बिल्डिंग आता नाही. रिडेव्हलपमेंटला गेली, अकरा जण अकरा दिशांना पांगले. सीडी लावली तर माझ्या ड्राइव्हने नुसतीच घरघर केली. दादाला फोन केला, तर म्हणाला, “अगं जाऊ दे ना, गेम परत टाकू कुठूनतरी.” मी म्हटलं, “दादा, गेम मिळेल रे. जोशीकाका कुठून आणू?” पाच सेकंद शांतता. मग म्हणाला, “दुसऱ्या ड्राइव्हवर लावून बघ. माझा जुना रायटर आहे बघ माळ्यावर.” त्या रायटरने तीन तास घेतले, पण फाइल निघाली. त्याच पाउचमधल्या राइट केलेल्या आणखी चार सीडीज मात्र दोन्ही ड्राइव्हवर उघडल्या नाहीत. एकीवर ‘सुट्टी मिक्स’ लिहिलंय. आत काय होतं, हे आता कुणालाच कळणार नाही.

आता कामाचं बोलू. लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर यूएसबीला लावायचा डीव्हीडी रायटर घ्या. मित्रांमध्ये मिळून एक घेतला तरी चालतो. सीडी मऊ, कोरड्या कापडाने पुसा, पण गोल गोल नाही. मधून कडेकडे, सरळ रेषेत. लेबलच्या बाजूने ट्यूबलाइटसमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिचा नंबर पहिला.

फाइल्स नुसत्या कॉपी-पेस्ट करू नका. डिस्कची पूर्ण ‘इमेज’ बनवा. विंडोजवर ‘इमगबर्न’ हे जुनं, फुकट सॉफ्टवेअर हे काम बरं करतं. साध्या डेटा डिस्कसाठी आयएसओ फाइल पुरते. पण १९९६चा ‘क्वेक’ घ्या. त्यातलं नाइन इंच नेल्सचं म्युझिक त्याच सीडीवर ऑडिओ ट्रॅक म्हणून होतं. अशा सीडीची आयएसओ बनवली तर गेम येतो आणि म्युझिक गायब! तिथे बिन आणि क्यू अशी जोडी लागते. वाचताना अडखळणाऱ्या सीडीसाठी स्पीड कमी करा, दुसरा ड्राइव्ह वापरून बघा. लिनक्सवाला मित्र असेल तर त्याला ‘डीडीरेस्क्यू’ विचारा. ते आधी सोपा भाग उचलतं, मग अवघड जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं.

एरर दिसला म्हणून लगेच घाबरू नका. ‘सेफडिस्क’सारख्या कॉपी प्रोटेक्शनमध्ये न वाचता येणारे सेक्टर कंपनीने मुद्दाम टाकलेले असत. गंमत म्हणजे २०१५मध्ये आलेल्या विंडोज १०ने सेफडिस्कलाच दारातून परत पाठवलं. त्यामुळे ओरिजिनल डिस्क असूनही कितीतरी गेम्स तिथे चालत नाहीत. त्यांच्यासाठी जुन्या विंडोजचा एखादा पीसी जपून ठेवा. डॉसच्या काळातल्या गेम्सना ‘डॉसबॉक्स’ आहेच.

कव्हरवरच्या सीरियल कीचा फोटो काढून इमेजसोबतच ठेवा. की नसेल तर इमेज म्हणजे किल्ली हरवलेलं गोदरेजचं कपाट! आणि कॉपी दोन ठिकाणी ठेवा, एक हार्ड डिस्कवर, एक दुसरीकडे. ७०० एमबीच्या चाळीस सीडीज गच्च भरलेल्या धरल्या तरी २८ जीबीच होतात.

कायद्याचं काय? आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ सांगतं, की कॉम्प्युटर प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे ज्याच्याकडे आहे, तो ती हरवण्या-बिघडण्यापासून संरक्षण म्हणून, स्वतःच्या वापरापुरता बॅकअप घेऊ शकतो. त्या बॅकअपच्या प्रती वाटायची मुभा त्यात नाही. आणि फुटपाथवर पन्नास रुपयांत घेतलेल्या सीडीला ते कलम लागू पडत नाही, हे सांगायला वकील कशाला हवा?

एका डिस्कला जेमतेम चहा प्यायचा वेळ लागतो, हट्टी असेल तर पिक्चरभर. येत्या शनिवारी पाउच काढा, मार्करने लिहिलेल्या सीडीज वेगळ्या करा आणि त्यातली पहिली ड्राइव्हमध्ये सरकवा. गेममध्ये तीन-तीन लाइफ मिळायच्या. सीडीला एकच असते.