स्फोटकांच्या कामाला बोअरवेलचा दर

पावसाळा ओसरला की तेल आणि वायूच्या शोधासाठी होणाऱ्या सिस्मिक सर्वेक्षणाचा हंगाम सुरू होतो. त्याच्या काही आठवडे आधी शॉट होल खोदणाऱ्या कंत्राटदारांच्या कामगार भरपाई पॉलिसी आपल्या टेबलांवर येऊ लागतात. प्रपोझल फॉर्मवर धंद्याच्या रकान्यात ‘बोअरवेल खोदाई’ किंवा नुसतेच ‘ड्रिलिंग’ लिहिलेले असते, कामगारांच्या रकान्यात ‘अकुशल मजूर’ आणि वार्षिक वेतनाच्या जागी एक गोल आकडा. कंत्राटदाराला निविदेची अट पूर्ण करायची असते, एजंटाला काम हातावेगळे करायचे असते आणि अंडररायटरपुढे फायलींचा ढीग असतो. पॉलिसी निघते. पुढे एखादा माणूस दगावला किंवा कुणाचा हात गेला, की भरपाई आयुक्तांपुढचा वाद नेमका त्या एका रकान्यापाशी येऊन अडतो.

या धंद्याचे वर्गीकरण काय करावे, याबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. शॉट होलची खोदाई, त्यातली स्फोटकांची भरणी आणि या दोन्हींसाठी होणारी पाइप-पाण्याची ने-आण हा एकच धंदा आहे. तो स्फोटके हाताळणाऱ्या तेलशोधाचा धंदा आहे. साइटवर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला तोच वर्ग आणि तोच दर लागला पाहिजे.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते पाहिल्याशिवाय हा आग्रह पटणार नाही. रस्ता असेल आणि जमीन कठीण असेल, तिथे व्हायब्रेटर बसवलेल्या गाड्या जमीन हादरवून लहरी निर्माण करतात. तिथे स्फोटकांचा संबंध येत नाही. ब्रह्मपुत्रेच्या गाळात, भातशेतीत, ईशान्येच्या डोंगरउतारांवर अशा गाड्या जात नाहीत. तिथे माणसे तिपाई, पाइप, पाने आणि पाण्याचा पंप खांद्यावरून वाहून नेतात. पंपाच्या पाण्याने गाळ वर काढत, पाइप फिरवत आणि एकाला एक जोडत साधारण चार इंच व्यासाचे भोक वीस-तीस मीटरपर्यंत खाली नेतात. इथवरचे काम बोअरवेलसारखेच दिसते, यात शंका नाही.

पण बोअरवेलमध्ये केसिंग पाइप बसतो आणि भोक टिकते. शॉट होल तसेच उघडे असते आणि गाळाच्या जमिनीत ते बघता बघता ढासळते. त्यामुळे पाइप वर काढल्यावर तिथल्या तिथे ते भरावे लागते. प्लॅस्टिकच्या नळ्यांमधली स्फोटके आट्यांवर एकमेकांत फिरवून बसवायची, डेटोनेटर जोडायचा, त्याच्या तारांची उघडी टोके एकत्र पिळून ठेवायची, चार्ज काठीने हळूहळू तळापर्यंत सरकवायचा आणि वरून माती दाबायची. हे सगळे परवानाधारक शॉटफायररच्या देखरेखीखाली होते, पण त्याच्या आजूबाजूला पाइप ओढणारे, पंप सांभाळणारे आणि माती लोटणारे तेच खोदाईचे मजूर असतात. प्रत्यक्ष स्फोट करणारी टोळी कधी कधी काही दिवसांनी येते. तोवर भरलेली भोके ओळीने तशीच असतात आणि त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर पुढची खोदाई चाललेली असते. खुणेची पाटी वाहून गेली किंवा नोंद चुकली आणि न उडालेल्या चार्जवर पुन्हा ड्रिल उतरले, तर काय होईल हे या क्षेत्रातल्या माणसाला सांगावे लागत नाही. विजा चमकू लागल्या की भरणी थांबवून माणसे मागे घ्यावी लागतात, ती याच तारांमुळे. विहिरी खोदणाऱ्या टोळीला अशा सूचना कधीच द्याव्या लागत नाहीत.

कायद्याने हा फरक फार पूर्वी ओळखला आहे. 1923च्या भरपाई कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात ट्यूबवेलचे बांधकाम आणि दुरुस्ती करणारे एका नोंदीत आहेत. मालकाच्या धंद्यासाठी स्फोटके हाताळणारे वेगळ्या नोंदीत आहेत, सुरुंगाचे काम ज्यात येते असे व्यवसाय वेगळ्या नोंदीत आणि नैसर्गिक तेल-वायू काढण्याच्या कामावरचे आणखी वेगळ्या नोंदीत. शॉट होलचा मजूर यातल्या एकाहून अधिक नोंदींत बसतो, म्हणून त्याचा हक्क बुडत नाही. कायद्याची यादी कामगार कोण ते ठरवते. दर ठरवणे हे विमा कंपनीचे काम आहे आणि गोंधळ तिथेच होतो.

1 जानेवारी 2007पर्यंत या विम्याला टॅरिफ होते. धंद्यांची यादी छापलेली असे आणि अंडररायटर त्यात बोट ठेवून दर लावत असे. टॅरिफ गेल्यावर जोखीम पाहून दर ठरवण्याची मोकळीक आली. ती योग्यच होती, पण तिच्यासोबत जोखीम नीट विचारून घेण्याची जबाबदारीही आली आणि शॉट होलच्या बाबतीत ती पार पडलेली दिसत नाही. जुन्या यादीतला ‘ड्रिलिंग’ हा शब्द अजूनही सवयीने वापरला जातो आणि त्याच्याखाली विहीर, पायाची पाइलिंग आणि स्फोटके भरलेले भोक हे सगळे एकाच दरात जाते.

उत्तर अमेरिकेतली रीत इथे उपयोगी पडेल. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात तेलाचा धंदा मोठा आहे आणि तिथे मालकांकडून वर्गणी घेणारे सरकारी मंडळ वेतनाच्या दर शंभर डॉलरमागे दर लावते. हा दर एकेका कामगाराच्या हुद्द्यावरून ठरत नाही, मालकाच्या धंद्यावरून ठरतो. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांतही मूळ सूत्र हेच आहे: वर्गीकरण धंद्याचे होते, नोकरीच्या नावाचे नाही. तिथेही कार्यालयातले कारकून वेगळे काढता येतात, कारण ते त्या जोखमीच्या जवळपास नसतात. आपल्याकडे मात्र पॉलिसीच्या परिशिष्टात हुद्देवार ओळी असतात आणि त्या ओळींचा गैरफायदा घेतला जातो. एक शॉटफायरर आणि दोन मदतनीस ‘स्फोटके’ या ओळीत दाखवायचे आणि उरलेली चाळीस माणसे ‘मजूर’ म्हणून स्वस्त ओळीत ढकलायची. चार्ज भरताना ती चाळीस माणसे कुठे उभी असतात, हे कुणी विचारत नाही.

बेस कॅम्पवरचा स्वयंपाकी, हिशेबनीस आणि भांडारातला कारकून यांना वेगळ्या वर्गात ठेवायला आमची हरकत नाही. पण मॅगझीनवरचा, म्हणजे स्फोटकांच्या कोठारावरचा, पहारेकरी आणि स्फोटकांच्या गाडीचा चालक यांना नाही. व्हायब्रेटरवर चालणाऱ्या सर्वेक्षणालाही शॉट होलचा दर लावणे अन्यायाचे होईल. ज्या कंत्राटदाराकडे दोन्ही प्रकारची कामे आहेत, त्याने हजेरीपत्रके वेगळी ठेवावीत आणि दोन दर मागावेत. तो त्याचा हक्क आहे.

यावर कंत्राटदारांचे म्हणणे असते की असा दर लावला तर भोकामागे मिळणाऱ्या पैशात परवडणार नाही. ही अडचण खोटी नाही. खोदाईचे काम बऱ्याचदा एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि शेवटच्या पोटकंत्राटदाराला भोकाच्या किंवा मीटरच्या हिशेबाने पैसे मिळतात. पण मजुराच्या जिवाची जोखीम लपवून ती तूट भरून काढू नये. प्रीमियमची रक्कम निविदेच्या दरात स्वतंत्र धरली जावी, हा आग्रह कंत्राटदारांच्या संघटनांनी काम देणाऱ्या कंपन्यांकडे धरायला हवा आणि त्याला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. कंपन्यांचाही त्यात स्वार्थ आहे. कंत्राटदाराच्या मजुराची भरपाई आधी मूळ मालकाने द्यायची आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करायची, ही कायद्यातली जुनी तरतूद आहे. पोटकंत्राटदाराची पॉलिसी चुकीच्या माहितीमुळे नाकारली गेली आणि त्याच्याकडे पैसा नसला, तर तो बोजा चढत चढत वर जातो. प्रमाणित पॉलिसीत कंत्राटदारांच्या माणसांची जबाबदारी मुळात वगळलेली असते. ती ज्यादा प्रीमियम भरून जोडावी लागते, हेही अनेकांच्या ध्यानात अपघातानंतरच येते.

दुसरा प्रश्न वेतनाचा. भोकामागे मजुरी असली की प्रपोझलमध्ये किमान वेतनाचा किंवा त्याहूनही कमी आकडा टाकला जातो. आकड्यांतच सांगायचे तर, 3 जानेवारी 2020च्या अधिसूचनेने हिशेबात धरायच्या मासिक वेतनाची मर्यादा 15,000 रुपये झाली. पंचवीस वर्षांच्या मजुराचा मृत्यू झाला तर वेतनाच्या निम्म्याला 216.91ने गुणायचे, म्हणजे 16,26,825 रुपये होतात. त्याचे वेतन 9,000 दाखवलेले असेल, तर त्याच हिशेबाने 9,76,095. आयुक्त प्रत्यक्ष मजुरी पाहून भरपाई ठरवतात, विमा कंपनी जाहीर केलेल्या वेतनावर बोट ठेवते आणि मधली साडेसहा लाखांची दरी कुणी भरायची यावर वर्षे जातात. स्फोट न होताही या धंद्यात माणसे जायबंदी होतात. पाइप घसरून पान्यात अंगठा सापडणे नवे नाही. कायद्याने अंगठा गमावणे म्हणजे कमाईच्या क्षमतेत 30 टक्के घट. तीस वर्षांच्या माणसाला 15,000 वेतनावर त्याचे 5,61,546 रुपये होतात. एका महिन्यात रक्कम दिली नाही, तर 12 टक्के व्याज आणि वर 50 टक्क्यांपर्यंत दंड. हे व्याज करारातून वगळण्याची मुभा विमा कंपनीला आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये दिला आहे. म्हणून कलम न वाचता पॉलिसी घेणाऱ्या लहान कंत्राटदाराच्या डोक्यावर ते बसते.

21 नोव्हेंबर 2025पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि 1923चा कायदा तिच्यात सामावला गेला. दोन बदलांकडे या धंद्याने विशेष लक्ष द्यावे. वेतनाची व्याख्या आता भत्त्यांच्या आडोशाने फारशी आकसवता येत नाही. आणि कामावर जाता-येता झालेला अपघात, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, कामातलाच धरला जातो. पहाटे कॅम्पमधून ट्रकने किंवा होडीने साइटवर जाणाऱ्या टोळ्यांचा मोठा धोका यात आला. जुन्या नमुन्याच्या पॉलिसीत तो धरलेला आहे का, हे नूतनीकरणाआधी तपासा.

आपल्या वाचकांपैकी काहींना हा विषय आसाम-त्रिपुराचा वाटेल. पण स्फोटकांचे परवाने देणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे. देशातल्या 26 गाळखोऱ्यांपैकी एक आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाखाली आहे आणि कोयनेच्या परिसरात हैदराबादच्या भूभौतिकीय संस्थेने 1970च्या दशकातच स्फोटांच्या मदतीने खोल मापन केले होते. शिवाय यातल्या अनेक पॉलिसींवर मुंबई-पुण्यातल्या कार्यालयांतच सही होते.

येत्या नूतनीकरणात प्रपोझल फॉर्म हातात आल्यावर कंत्राटदाराला सरळ विचारा: भोके कोण भरते, मॅगझीन कुणाच्या ताब्यात आहे, गावातून रोजंदारीवर घेतलेल्या माणसांची नावे हजेरीपत्रकावर आहेत का, आणि भोकामागे दिलेली रक्कम वेतनात धरली आहे का. उत्तरे लेखी घ्या आणि पॉलिसीच्या वर्णनात धंद्याचे नाव पूर्ण लिहा: ‘सिस्मिक सर्वेक्षणासाठी शॉट होल खोदाई व स्फोटकभरणी’. ज्या अंडररायटरांना या जोखमीचा दर लावताना स्वतःचा अनुभव अपुरा वाटतो, त्यांनी एक दिवस साइटवर जाऊन भरणीच्या वेळी कोण कुठे उभे असते ते पाहून यावे आणि मगच आकडा लिहावा.