पास्त्याला क्रीम कशाला?

घरी झटपट पास्ता करायचा म्हटलं की आधी क्रीमचं पाकीट आणलं जातं. माझ्या मते ते अनावश्यक आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये आल्फ्रेदो दि लेलिओ यांनी नावारूपाला आणलेल्या फेत्तुचीनेत लोणी आणि पार्मेजान चीज एवढंच असे. क्रीम त्यात पुढे अमेरिकेत आलं. मलईसारखा दाटपणा येतो तो पास्ता उकळलेल्या पाण्यामुळे. त्यात उतरलेला स्टार्च लोणी आणि पाणी एकजीव धरून ठेवतो, आणि नेमकं तेच पाणी आपण ओतून देतो, हे मला खरोखर खटकतं.

चीजच्या गुठळ्या होतात, हा आक्षेप रास्त आहे, पण तो दोष आचेचा. गॅस बंद करावा आणि हे पाणी थोडं थोडं घालत बारीक किसलेलं चीज मिसळावं. पास्ता शिजेपर्यंतच्या दहा-बारा मिनिटांत मटार, मश्रूम परतून होतात, त्यामुळे वेळेचीही अडचण नाही. शाकाहारी घरांनी जपायचं ते वेगळ्याच बाबतीत. अस्सल पार्मेजानसाठी वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, म्हणून पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहूनच चीज घ्यावं. चीज नकोच असेल, तर भिजवलेल्या काजूंची गुळगुळीत पेस्टही याच पाण्यात छान मिळून येते.