ग्रहणाला दोष देऊ नका

पाठीवर फुगा घेऊन मूल जन्मले की आपल्या वाशीमकडे अनेकजण ग्रहणाला दोष देतात. खरे कारण पुष्कळदा वेगळे असते. गर्भाच्या मेंदू-मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांतच मिटते. त्या काळात पेशी झपाट्याने वाढतात. त्यांचा डीएनए घडविणाऱ्या विकरांना (एन्झाइम) फॉलिक अॅसिडची जोड लागते. ते कमी पडल्यास नळी उघडी राहू शकते. १९२८ मध्ये मुंबईत आलेल्या डॉ. ल्यूसी विल्स यांनी गरोदर गिरणी कामगार स्त्रियांचा पांडुरोग यीस्टच्या अर्काने बरा केला. त्यातला गुणकारी घटक हाच! तिसऱ्या महिन्यात दवाखाना गाठणे म्हणजे उशीर. मूल हवे असे ठरताच, निदान महिनाभर आधीपासून, सुनेला रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी द्या. आधीच्या बाळाला हे व्यंग असल्यास मात्रा डॉक्टरांना विचारा.