दिवसा हवे, रात्री नको

सोलमध्ये रात्री दोनलाही बिनधास्त फिरता येतं, हे खरंच. पण होंगदे, इटेवॉनमधल्या काही क्लबांच्या दारात परदेशी माणसाला अडवतात. मलाही एकदा परतवलं; बरोबरच्या कोरियन सहकाऱ्यांना मात्र आत सोडलं.

दाद कुठे मागणार? मानवाधिकार आयोग आहे, पण तो फक्त शिफारस करतो. भेदभावविरोधी सर्वसमावेशक कायद्याची विधेयकं २००७ पासून येतात आणि बारगळतात.

इकडे २०२३ मध्ये जननदर ०.७२ वर घसरला. शेती, कारखाने, जहाजबांधणीला परदेशी हात लागतातच. आज देशात शंभरात जवळपास पाचजण परदेशी आहेत. व्हिसा देऊन बोलावलेल्या माणसाची संध्याकाळही असते. कायद्यानं तिचीही दखल घ्यायला हवी.